उतारावरची थंडी, तळातली थंडी

उत्तर स्वीडनमधील किरुना या आमच्या गावात स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर तापमापक नाही असे घर मी अजून पाहिलेले नाही. सकाळी चहाचे आधण ठेवण्याआधी त्याच्याकडे पाहायचे आणि त्यावरून अंगावर किती थर चढवायचे, गाडीच्या इंजिनाला लावलेला हीटर किती वेळ चालू ठेवायचा, मुलीला शाळेत चालत पाठवायचे की सोडायला जायचे, हे सारे ठरवायचे, असा इथला परिपाठ आहे. सहा वर्षे आम्ही हाउकिवारा नावाच्या टेकडीच्या उतारावर एका जुन्या इमारतीत राहत होतो. लोहखनिजाच्या खाणीमुळे त्या भागाखालची जमीन खचत चालली आहे, म्हणून तेथील वस्ती टप्प्याटप्प्याने हलवली जात आहे. २०२२ च्या शरद ऋतूत आम्हीही सुमारे तीन किलोमीटर पूर्वेला, नव्या गावठाणात राहायला आलो. जुन्या खिडकीवरचा तापमापक मी काढून आणला आणि नव्या खिडकीला लावला. पुढच्या जानेवारीत, आकाश निरभ्र आणि वारा पूर्ण पडलेला असताना, एका सकाळी त्यावर उणे २९ दिसले. उतारावरच राहिलेल्या माझ्या मैत्रिणीला मी फोन केला, तर तिच्या खिडकीवर उणे २० होते. काढता-लावताना आपलाच तापमापक बिघडला असावा, असे मला वाटले. मग आम्ही दोघींनी आठवडाभर रोज सकाळी सात वाजता आपापले आकडे टिपले, आणि तापमापकात काही दोष नाही हे लक्षात आले.

तेव्हापासून मी या गावाच्या हवामानाची एक वही ठेवते. साताऱ्याहून नातेवाइकांचे फोन येतात तेव्हा ‘तिकडे थंडी किती?’ एवढाच प्रश्न असतो, आणि मी एक आकडा सांगते. पण वहीची पाने भरत गेली तसे मला कळू लागले की हा आकडा फारसे काही सांगत नाही. हे हवामान समजून घ्यायचे तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात: तुम्ही उताराच्या कोणत्या पायरीवर उभे आहात, आणि उजेड व ऊब यांची वर्षातल्या त्या दिवशी किती फारकत झालेली आहे. आपल्याकडे ऊन म्हटले की ऊब आलीच. इथे या दोन्ही गोष्टी आपापल्या वेळेने येतात आणि आपापल्या वेळेने जातात.

किरुना ६७ अंश ५१ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे साताऱ्याच्या जवळजवळ बरोबर ५० अंश उत्तरेला. आर्क्टिक वृत्त आमच्या दक्षिणेला सुमारे १४५ किलोमीटरवर राहते. गावाची वस्ती सतरा-अठरा हजारांची आणि उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर आहे. गावाचे नाव सामी भाषेतील ‘गिरोन’ या शब्दावरून आले. हिवाळ्यात पांढरी शुभ्र आणि उन्हाळ्यात करडी-तपकिरी होणारी इथली जी रानकोंबडी, तिचे हे नाव. याच अक्षांशाच्या जवळ, दूर पूर्वेला सैबेरियात, वेर्खोयान्स्क नावाचे गाव आहे. तेथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ४५ च्या आसपास असते, तर आमच्याकडे उणे १२-१३. सूर्य दोन्ही गावांना सारखाच मिळतो. फरक समुद्रामुळे पडतो. अटलांटिक महासागरातून नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे येणारा उबदार प्रवाह आणि त्यावरून वाहणारे पश्चिमेचे, नैर्ऋत्येचे वारे डोंगर ओलांडून थोडी ऊब आमच्यापर्यंत पोचवतात. आमच्या खाणीतील खनिज रेल्वेने नॉर्वेतील नार्विक बंदरात जाते, त्यामागेही हेच कारण आहे. नार्विक आमच्याहून उत्तरेला असूनही त्याचे पाणी हिवाळ्यात गोठत नाही, आणि स्वीडनचे लुलेओ हे बंदर आमच्याहून पुष्कळ दक्षिणेला असूनही गोठते. तेथे बर्फ फोडणाऱ्या जहाजांनी वाट मोकळी ठेवावी लागते.

यामुळे इथल्या हिवाळ्याचा एक नियम नवख्या माणसाला उलटा वाटतो. ढग आले, वारा सुटला, हिम पडू लागले की तापमान चढते, कधीकधी एका रात्रीत पंधरा अंशांनीही. आकाश मोकळे झाले, चांदणे टिपूर पडले आणि वाऱ्याची झुळूकही थांबली की ते कोसळते. जमिनीवरचा हिमाचा थर दिवसा आलेले थोडेसे ऊन परतवून लावतो आणि रात्री आपल्या अंगची उष्णता निरभ्र आकाशात सोडून देतो. त्याला टेकलेली हवा थंड होते, जड होते, आणि ओघळीतून पाणी उतरावे तशी उतारावरून उतरत खोलगट जागी साचते. वर जावे तशी हवा गार होत जाते, हे आपण शाळेत शिकलेले असते. अशा दिवशी इथे वर जावे तशी ती उबदार होत जाते.

महाबळेश्वरला थंडीत गेलेल्या कोणालाही ही गोष्ट सांगायला नको. ज्या पहाटे वेण्णा तलावाच्या काठी जेट्टीच्या फळ्यांवर आणि होड्यांच्या काठांवर दव गोठून पांढरा थर धरतो, त्याच पहाटे वर बाजारपेठेत नुसता गारठा असतो. निफाडकडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, तेही जमिनीलगत साचलेल्या याच हवेपासून घड वाचवण्यासाठी. फरक इतकाच की आपल्याकडे सकाळी नऊ-दहा वाजता ऊन तापले की तो साचलेला गारवा ढवळून निघतो. इथे डिसेंबर-जानेवारीत तापायला ऊनच नसते. त्यामुळे थंडीचे ते तळे दिवसेंदिवस भरलेले राहते, आणि ते रिकामे करायला अटलांटिकवरून येणारे एखादे वादळच लागते.

१९०० साली हे गाव वसवणाऱ्यांना याची जाण होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. खाणीचे पहिले व्यवस्थापक यालमार लुंडबोम यांनी गाव सखल जागी बसवण्याऐवजी टेकडीच्या उतारावर बसवले, कारण तेथे हिवाळ्यात हवा कमी गार असते. पेर उलॉफ हालमान या नगररचनाकाराने रस्ते टेकडीच्या अंगाने वळवत नेले, म्हणजे वाऱ्याला सरळ धावायला मोकळी गल्ली मिळणार नाही. मी त्या जुन्या वस्तीत राहत असताना हे रस्ते उगाच वाकडे आहेत असे मला वाटे. नव्या जागी आल्यावर पहिल्याच वादळात, सरळ रस्त्यावर चेहरा झाकून उलटे चालताना, त्या वळणांची किंमत कळली. नवे गावठाण तुलनेने सपाट आणि सखल जागी आहे. इमारती उंच आणि जवळजवळ आहेत, त्यामुळे फेब्रुवारीतले क्षितिजालगतचे ऊन रस्त्यापर्यंत उतरत नाही. गॉथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी असे मांडले आहे की हिवाळ्यात नवी जागा जुन्या जागेपेक्षा दहा अंशांपर्यंत अधिक थंड होऊ शकते, आणि माझी साधी वही त्याला दुजोरा देते. जागा निवडताना जमीन न खचण्याची खात्री सर्वांत आधी पाहावी लागली, हे मला मान्य आहे. खनिजाचा पट्टा जुन्या गावाखाली तिरका उतरत गेलेला असल्याने पर्याय थोडेच होते. तरीही शंभर वर्षांपूर्वी जमिनीचा उतार वाचून ठरवलेली गोष्ट हातातून निसटली, याचे मला मनापासून वाईट वाटते. सह्याद्रीतले माझे आजोळ धरणाच्या पाण्याखाली गेले आणि मंडळींना पूर्वेकडच्या माळावर जावे लागले, तेव्हापासून आजी अखेरपर्यंत तिकडच्या वाऱ्याबद्दल बोलत असे. लहानपणी मला त्या बोलण्याचा अर्थ कळत नव्हता.

आता वर्षाकडे वळते. स्वीडनची हवामान संस्था ऋतू महिन्यांवरून ठरवत नाही. दिवसाचे सरासरी तापमान सलग पाच दिवस शून्य किंवा त्याखाली राहिले की हिवाळा, सलग पाच दिवस दहाच्या वर राहिले की उन्हाळा, उतरताना दहाच्या खाली आले की शरद, आणि चढताना सात दिवस शून्याच्या वर राहिले की वसंत. या मोजपट्टीने आमच्याकडे शरद ऑगस्ट सरता सरताच येतो. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भूर्जाची झाडे पिवळी होतात आणि गुडघ्यापेक्षाही बुटकी असलेली डोंगरी भूर्ज इतकी लाल होते की लांबून उतारावर कोणी गुलाल उधळला आहे असे वाटते. रात्री दहिवर पडते, लिंगोनची आंबट लाल फळे पिकतात, डास संपतात. चालायला जाण्यासाठी हे वर्षातले सर्वांत चांगले दिवस आहेत आणि ते दोन-तीन आठवड्यांत आटोपतात.

त्यानंतरचे दिवस मला सर्वांत जड जातात, आणि ते जानेवारीतले नसून ऑक्टोबरच्या शेवटचे आणि नोव्हेंबरचे आहेत. दिवस रोज सात-आठ मिनिटांनी आखडत असतो. हिम पडते, वितळते, पुन्हा पडते. ओली काळी जमीन असलेला उजेडही गिळून टाकते. मग एका रात्री पडलेले हिम सकाळी तसेच राहते, दुसऱ्या दिवशीही राहते, आणि गावातला उजेड एकदम वाढतो, कारण रस्त्यावरचा प्रत्येक दिवा आता वरून आणि खालून असा दोनदा उजळतो. इथली माणसे त्या हिमाची वाट पाहतात. शेजारच्या आजींनी मला पहिल्याच वर्षी सांगितले होते की हिम लागून राहिले की झोप बरी लागते. तेव्हा ते खरे वाटले नव्हते.

साधारण ११ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. याचा अर्थ तीन आठवडे मिट्ट काळोख असतो, असा समज मी येण्याआधी करून घेतला होता. प्रत्यक्षात वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम सव्वा अंश खाली असतो. त्यामुळे सकाळी नऊच्या सुमारास झुंजुमुंजु होते, मग दक्षिणेला तांबडे फुटते, ते फुटतच राहते, आणि सूर्य वर येण्याऐवजी तेच तांबडे सरकत सरकत नैर्ऋत्येला जाऊन तिन्हीसांज होते. असा हा सुमारे पाच तासांचा उजेड असतो. त्यात पिवळा रंग नसतो. दक्षिणेला गुलाबी-केशरी, डोक्यावर फिका निळा आणि उत्तरेला गर्द जांभळट निळा असे आकाशाचे तीन पट्टे पडतात आणि हिम ते सगळे रंग घेते. मी घरी दिवेलागणीला समई लावते. डिसेंबरात ती दुपारी दोनच्या सुमारास लावावी लागे. दोन वर्षांनी मी तो नाद सोडला आणि घड्याळाचे सात ही वेळ ठरवून टाकली.

सूर्य जानेवारीत परत येतो, पण थंडीचा कळस त्यानंतरच येतो. हिमाखाली दबलेली जमीन आणि गोठलेली सरोवरे उष्णता गमावतच असतात, आणि दुपारी तासा-दोन तासांसाठी क्षितिजाला घासून जाणारा सूर्य ती भरून काढू शकत नाही. या दिवसांत तापमान कानांनीही कळते. उणे पाचला हिमावर पाय पडला तर आवाज जवळजवळ येत नाही. उणे पंधराला तांदळाच्या पिठीने भरलेली पिशवी दाबावी तशी कुरकुर येते. उणे पंचवीसच्या खाली तोच आवाज वर चढून करकरीत होतो आणि रस्त्याच्या पलीकडून चालणाऱ्या माणसाची चाहूल घरात ऐकू येते. श्वास घेताना नाकातले केस ताठ होतात, पापण्यांवर दहिवर धरते, लोकरीच्या स्कार्फचा तोंडाजवळचा भाग बर्फाने कडक होतो. ३ जानेवारी २०२४ रोजी आमच्या नैर्ऋत्येला असलेल्या क्विक्कयोकजवळ उणे ४३.६ नोंदले गेले. जानेवारीत इतके खाली तापमान देशात पंचवीस वर्षांत गेले नव्हते. स्वीडनचा आजवरचा नीचांक, उणे ५२.६, फेब्रुवारी १९६६ मधला आहे आणि तोही एका दरीच्या तळातलाच. किरुना गाव उतारावर असल्याने अशा आकड्यांपासून बरेच वर राहत आले.

मग मार्च येतो, आणि इथल्या माणसाला तुमचा आवडता ऋतू कोणता असे विचारले तर बहुधा तो याच दिवसांचे नाव घेईल. स्वीडिश लोक याला ‘वोरविंतर’ म्हणतात, म्हणजे वसंतातला हिवाळा, आणि त्याला पाचवा ऋतू मानतात. रेनडिअर पाळणारे सामी लोक तर वर्षाचे आठ ऋतू करतात. चार मुख्य ऋतूंच्या मधल्या प्रत्येक सांध्याला त्यांच्याकडे स्वतंत्र नाव आहे, कारण कळप कधी डोंगरातून खाली आणायचे आणि कधी परत वर न्यायचे हे त्या सांध्यांवरच ठरते. उजेड आणि ऊब यांची फारकत याच दिवसांत सर्वांत ठळक दिसते. २० एप्रिल आणि २३ ऑगस्ट या दोन तारखांना इथला दिवस सारखाच, सोळा तासांहून थोडा मोठा असतो. सूर्यही दुपारी तितकाच वर येतो. पण ऑगस्टमध्ये त्या दिवशी आम्ही पाणथळ रानात फळे वेचत असतो, आणि एप्रिलमध्ये त्याच रानावर मांडीइतके हिम असते. डोक्यावर लखलखीत ऊन, खालून हिमावरून परतलेले दुसरे ऊन, आणि हवा मात्र शून्याखाली. काळा चष्मा घातला नाही तर डोळे चुरचुरतात. हनुवटीच्या खालची कातडी उन्हाने भाजते, हे मला इथेच कळले.

या दिवसांतली सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे ‘स्कारे’. दिवसा उन्हाने हिमाचा वरचा पापुद्रा ओला होतो आणि रात्री गोठून त्याचे कवच बनते. सकाळी सहा-सात वाजता त्या कवचावरून कुठेही चालता येते; रस्ता नको, स्की नको, जंगलातून, ओढ्यावरून, झुडपांच्या माथ्यांवरून, जिथे उन्हाळ्यात चिखलामुळे आणि हिवाळ्यात भुसभुशीत हिमामुळे पाऊल टाकता येत नाही तिथूनही सरळ जाता येते. वर्षातून काही आठवडे आणि दिवसातून काही तासच हे सगळे रान मोकळे होते. पहिल्या वर्षी मी परतायला उशीर केला. अकराच्या सुमारास कवच मऊ झाले आणि शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला, पावलागणिक मांडीपर्यंत रुतत, मला सव्वा तास लागला. तेव्हापासून दहाच्या आत घरी, हा नियम मी पाळते. याच सुमारास सरोवरांच्या बर्फाला भोके पाडून लोक रेनडिअरच्या कातड्यावर पालथे झोपून मासे धरतात, आणि जवळच्या युक्कासयार्वी गावात तोर्ने नदीच्या बर्फाचे मोठाले ठोकळे कापून साठवले जातात. पुढच्या हिवाळ्यात त्यांतून तिथले बर्फाचे हॉटेल पुन्हा उभे राहते.

मे महिन्याबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. हिम वितळते, हिवाळाभर रस्त्यांवर पसरलेली खडी उघडी पडून तिची धूळ उडते, आणि झाडांना पाने नसतात. पण त्या महिन्यात एक क्षण असा येतो की त्यासाठी सारे गाव नदीकडे कान लावून असते. तोर्ने नदीचा बर्फ फुटतो तेव्हा आधी लांबवर तोफ डागल्यासारखे आवाज येतात, मग सारा पाट हलतो, आणि खोलीएवढाले तुकडे एकमेकांवर चढत, काठ खरवडत निघून जातात. खाली याच नदीच्या मुखाशी असलेल्या तोर्निओ येथे बर्फ फुटण्याच्या तारखेची नोंद १६९३ पासून ठेवलेली आहे. तीनशेहून अधिक वर्षांची ही यादी जगातल्या अशा सर्वांत लांब नोंदींपैकी एक आहे, आणि तिच्यातली तारीख शतकागणिक अलीकडे सरकत आलेली स्पष्ट दिसते.

२०२४ च्या मे महिन्यात आई साताऱ्याहून आली. त्या महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही, हे तिला मी फोनवर अनेकदा सांगितले होते आणि तिने ते ऐकले होते, पण ऐकणे वेगळे. २६ मेला संकष्टी होती. रात्री साडेनऊच्या लख्ख उजेडात ती उत्तरेच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, “अगं, इथे चंद्रोदय किती वाजता असतो?” मी सांगितले, “आई, आज तो उगवणारच नाही.” सूर्य जेव्हा अहोरात्र वर असतो, तेव्हा पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र आकाशाच्या नेमक्या विरुद्ध, दक्षिणेकडच्या भागात असतो, आणि आमच्या अक्षांशावरून तो काही दिवस क्षितिजाच्या वर येतच नाही. डिसेंबरात याच्या अगदी उलट, पौर्णिमेचा चंद्र दिवसभर आणि रात्रभर मावळत नाही. मी कागदावर पृथ्वी काढून हे समजावले. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग साताऱ्याची वेळ बघ. तिकडे तर तो उगवलाच असेल ना?” साताऱ्याचे घड्याळ आमच्या साडेतीन तास पुढे, तिकडे चंद्र उगवून गेलेला होता. तिने पश्चिमेच्या उन्हात उभी राहून अर्घ्य दिले आणि उपास सोडला.

ती जुलैपर्यंत राहिली. जाड पडदे लावूनही तिला पहिले दहा दिवस धड झोप लागली नाही, आणि तिचा प्रश्न एकच असे: एवढे चोवीस तास ऊन आहे, तर गरम का होत नाही? उत्तर सूर्याच्या उंचीत आहे. २१ जूनला भर दुपारी इथला सूर्य क्षितिजापासून साडेपंचेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे साताऱ्याच्या डिसेंबरातल्या दुपारच्या सूर्याहूनही किंचित खाली. आणि मध्यरात्री तो उत्तरेला सव्वा अंशावर नुसता टेकलेला असतो. शिवाय त्या उन्हाचा मोठा भाग आधी हिम वितळवण्यात आणि सरोवरांचा बर्फ मोकळा करण्यात खर्च होतो. जुलैची सरासरी तेरा-चौदा अंश असते. जूनमध्ये कधी वाऱ्याची दिशा बदलून उत्तरेची हवा उतरली तर हिमाची भुरभुरही होते. डास मात्र जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत ढगांनी येतात. पाणथळ रानात सोनेरी-नारिंगी ‘यूर्त्रोन’ ही फळे पिकतात, त्यांच्यासाठी डासांतही माणसे जातात. फुलोऱ्याच्या दिवसांत एकच रात्र दहिवराची पडली तर त्या वर्षी फळ धरत नाही, आणि तशी रात्र बहुधा तळातल्या पाणथळीतच पडते.

पावसाबद्दल आईची अपेक्षा आणखीनच वेगळी होती. इथे पाऊस आणि हिम मिळून वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, त्यातला सर्वाधिक जुलै-ऑगस्टमध्ये, रिपरिपीच्या रूपाने. पण पश्चिमेला नॉर्वेच्या सीमेवर तो याच्या जवळजवळ दुप्पट पडतो, आणि मधल्या आबिस्कोत, डोंगराच्या आडोशाला, सुमारे ३०० मिलिमीटरच. एकाच जिल्ह्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर भिजणारे महाबळेश्वर आणि पाचशेच्या आसपास तहानलेले म्हसवड पाहिलेल्या माणसाला हे नकाशाशिवाय समजते. आबिस्कोच्या आकाशात ढगांमधले मोकळे भोक वारंवार दिसते, म्हणून उत्तरप्रकाश पाहायला येणारे तिथे जातात.

गेल्या काही वर्षांत वहीत अशा नोंदी येऊ लागल्या आहेत की ज्या शेजारच्या आजींना त्यांच्या तरुणपणातून आठवत नाहीत. भर हिवाळ्यात पाऊस पडतो आणि हिमावर बर्फाचा थर धरतो. रेनडिअर खुरांनी हिम उकरून खालचे दगडफूल खातात. मध्ये बर्फाची लादी आली तर त्यांना त्याचा वासही येत नाही आणि खूरही पोचत नाही, मग पाळणाऱ्यांना विकतचे खाद्य घालून कळप जगवावा लागतो. केबनेकाइसे या डोंगराचे दक्षिण शिखर, ज्याचा माथा हिमनदीचा आहे, वितळत वितळत २०१९ मध्ये खडकाळ उत्तर शिखरापेक्षा ठेंगणे झाले. देशातील सर्वांत उंच स्थानाचा मान एका शिखराकडून दुसऱ्याकडे गेला. २०२५ च्या जुलैत नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या उत्तर भागात उष्णतेची लाट आली आणि सुमारे दोन आठवडे टिकली. ऊब आत कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या आमच्या घरांत पंखा लावायला जागा नाही. रात्र होत नसल्याने घर गार व्हायला वेळही मिळत नव्हता. त्याच वर्षी १९ आणि २० ऑगस्टला, १९१२ साली पूर्ण झालेले गावाचे लाकडी चर्च अखंड उचलून, पाच किलोमीटर चालवत नव्या जागी आणले गेले. आम्ही सारे रस्त्याच्या कडेला उभे होतो. उतारावरून ते हळूहळू खाली येत असताना हवा छान होती, आणि माझ्या मनात मात्र सारखे येत होते की त्याच्या लाकडाला आता कोणत्या हिवाळ्याची सवय करावी लागेल.

माझ्या मैत्रिणीची वस्ती खाणीमुळे जमीन खचण्याच्या सध्याच्या रेषेबाहेर आहे. तिचा आकडा अजून रोज सकाळी सात वाजता फोनवर येतो आणि मी तो माझ्या आकड्याशेजारी लिहिते. जून-जुलैत दोन्ही रकाने सारखेच असतात, कधी अर्ध्या अंशाचा फरक. सप्टेंबरच्या अखेरच्या निरभ्र सकाळी तिच्याकडे एक होता आणि माझ्याकडे उणे तीन. त्या दिवशी मी तळघरातून लोकरीचे मोजे वर आणले.